नवा अंक आला का?

मराठी मुलांसाठी पहिलं छापील पुस्तक निघालं ते तंजावरात, कावेरीच्या खोऱ्यात, १८०६ साली. तेव्हा पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू होती आणि तिथे मराठी पुस्तक छापण्याची सोय नव्हती. तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांनी मात्र छापखाना घातला होता, नव्या विद्येच्या शाळा काढल्या होत्या. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेल्या या राजाला पुस्तकांचा मोठा नाद. त्याच्या आश्रयाने सख्खण पंडितांनी इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या आणि ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने त्या छापून निघाल्या. महाराष्ट्रातल्या मुलांच्या वाट्याला हे पुस्तक आलं नाही. त्यांना छापील इसाप भेटायला आणखी बावीस वर्षं जावी लागली.

मराठी बालवाङ्मयाचा इतिहास सांगताना लेखकांची आणि पुस्तकांची यादी नेहमी दिली जाते. पुस्तक मुलाच्या हातात कोणत्या वाटेने पडलं, हे फारसं कुणी विचारत नाही. वास्तविक मुलाच्या दृष्टीने तोच प्रश्न पहिला. पुस्तक तंजावरात आणि वाचणारा कोकणात, तर ते पुस्तक त्याच्यापुरतं निघालेलंच नाही.

मुंबईत पहिली वाट उघडली ती शाळेची. १८२२ साली तिथे शाळा आणि शालेय पुस्तकं यांसाठी ‘बॉम्बे नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी’ उभी राहिली. मराठी पुस्तकांचं तिचं काम ज्यांच्या अंगावर पडलं, त्यांत सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे हे प्रमुख होते. त्यांची ‘इसापनीती’ १८२८ सालची, आणि त्याच वर्षीचा ‘बाळमित्र’. ‘बाळमित्र’ मुळात बर्कें या फ्रेंच लेखकाचा. तो इंग्रजीच्या वाटेने मराठीत आला. इसापपेक्षा त्याचं महत्त्व जास्त मानायला हवं. इसापच्या गोष्टींत कोल्हा, सिंह, कावळा ही पात्रं. ‘बाळमित्रा’त भावंडं होती, आई-बाप होते, मुलांचे हट्ट आणि चुका होत्या. मराठी छापील पुस्तकात मूल स्वतः पात्र म्हणून वावरू लागलं ते इथून.

तरीही ही पुस्तकं मुलाने शोधून काढलेली नव्हती. ती पंतोजींच्या हातून मिळत, त्यांच्या देखत वाचली जात आणि गोष्ट संपली की खाली तात्पर्य ठरलेलं असे. गोष्टीत रमण्याची मुभा मुलांना मिळाली ती मोठ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतून. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ १८६०च्या दशकात मराठीत आणायला सुरुवात केली. शहाजादीच्या या गोष्टी खास मुलांसाठी नव्हत्या, पण पुढच्या कित्येक पिढ्यांतल्या वाचणाऱ्या मुलांनी त्या आपल्या म्हणून घेतल्या. बगदादचे बाजार, समुद्रावरच्या सफरी, दिव्यातून निघणारा राक्षस, हे सगळं वाचताना शेवटी काय बोध घ्यायचा हे कुणी विचारत नव्हतं.

खरा पालट झाला तो टपालामुळे. हिंदुस्थानच्या टपालखात्याने १८७७ साली व्ही. पी.ची पद्धत सुरू केली: पुस्तक पोस्टमनने घरी आणायचं आणि पैसे त्याच्याच हाती द्यायचे. १८८० साली मनिऑर्डर आली. नियतकालिकांसाठी टपालाचा दर कमी होता. म्हणजे राजापूरच्या किंवा जळगावच्या घरातून मुंबईला वर्गणी धाडणं आणि तिथून दर महिन्याला छापील मजकूर घरपोच मिळवणं आता शक्य झालं होतं. मुलांच्या मराठी मासिकाला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता.

१८८१ साली ‘बालबोध’ निघालं. त्याचे कर्ते विनायक कोंडदेव ओक मूळचे गुहागरजवळच्या हेदवीचे, शाळाखात्यातले नोकर. मुलांसाठी मासिक त्याआधीही नव्हतं असं नाही. अमेरिकन मिशनचं ‘बालबोधमेवा’ १८७०च्या दशकापासून निघत होतं. पण ओकांनी जे केलं ते एका माणसाच्या बळावर केलेल्या कामांत आजही थक्क करणारं आहे. प्रत्येक अंकात एक कविता, एक चरित्र, एक निबंध आणि एक शास्त्रीय विषय, शिवाय किरकोळ मजकूर, असा त्यांचा नेम होता. १९१४ साली मृत्यू येईपर्यंत तो जवळपास चौतीस वर्षं चालला. या हिशेबाने प्रत्येक प्रकारात चारशेच्या वर लेख होतात, आणि ते लिहिणारा हात मुख्यतः एकच होता.

ओकांची भाषा साधी, वाक्यं आखूड. बोध करण्याचा त्यांचा हेतू लपलेला नाही, आणि त्या काळाकडे तो लपावा असा आग्रह धरणंही गैर ठरेल. त्यांनी मुलांना दिलेली मोठी देणगी निराळीच होती. ‘बालबोध’ घेणाऱ्या मुलाला पुढच्या महिन्यात काय येणार ते ठाऊक नसे. या अंकात ग्रहणाची माहिती असेल, पुढच्या अंकात एखाद्या दर्यावर्दीचं चरित्र. शाळेचं क्रमिक पुस्तक वर्षाच्या सुरुवातीलाच पूर्ण दिसतं आणि जूनमध्येच जुनं होतं. मासिक मात्र दर महिन्याला नवं. नव्या वाचनाची वाट पाहण्याची सवय मराठी मुलांना लागली ती ‘बालबोध’पासून, आणि ती सवय हाच पुढच्या शंभर वर्षांच्या मराठी बालवाङ्मयाचा पाया ठरला.

त्यावर चढलेला पहिला भक्कम मजला म्हणजे ‘आनंद’. वासुदेव गोविंद आपट्यांनी हे मासिक १९०६ साली सुरू केलं. आपटे म्हणजे ‘मराठी शब्दरत्नाकर’ हा कोश करणारे. शब्दांचा अर्थ आणि वजन पारखण्यात आयुष्य घातलेला माणूस. अशा पंडिताने मुलांसाठी लिहिताना भाषा अवघड केली असती तर कुणाला नवल वाटलं नसतं. त्यांनी उलट केलं. मासिकाला नाव दिलं ‘आनंद’ आणि ते सार्थही केलं. ‘बालरामायण’, ‘बालभारत’, ‘बालभागवत’ अशी पुस्तकं त्यांनी लिहिली, आणि अंकाच्या वाचकाला पुस्तकाकडे नेणारी एक सलग वाट तयार झाली. १९३० साली आपटे गेले. पुढे गोपीनाथ तळवलकरांनी अनेक वर्षं ‘आनंद’चं संपादन केलं. आजोबांनी वाचलेलं मासिक नातवानेही वाचावं, असं भाग्य मराठीत फार थोड्या नियतकालिकांच्या वाट्याला आलं आहे.

टपालाची वाट वर्गणी परवडणाऱ्या घरापर्यंत जाई. ज्या घरी वर्गणीचे पैसे नव्हते तिथल्या मुलाचं काय? या प्रश्नाला त्या काळात सर्वांत धाडसी उत्तर मिळालं बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की शाळा सुटली आणि वाचायला काही नसलं तर शिकलेली अक्षरं विसरायला वेळ लागत नाही. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणलं. शहरातल्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र विभाग झाला. खेडोपाडी पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या: पेटी गावात यायची, काही काळ राहायची, मग पुढच्या गावी जायची आणि तिच्या जागी दुसरी यायची. ‘सयाजी बालज्ञानमाला’ या मालेतून मराठी आणि गुजराती पुस्तकं खास मुलांसाठी निघाली. राज्यकर्त्याने लहान वाचकाचा विचार पुस्तक लिहून घेण्यापासून ते गावात पोचवण्यापर्यंत सलग केल्याचं असं दुसरं उदाहरण मराठी बालवाङ्मयाच्या इतिहासात नाही. स्वतंत्र महाराष्ट्राने ग्रंथालयांचा कायदा केला तो १९६७ साली.

खानदेशात अंमळनेरला एका शिक्षकाने छापखान्याचीही वाट पाहिली नाही. पांडुरंग सदाशिव साने १९२४ साली तिथल्या प्रताप हायस्कुलात आले आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हाताने लिहून काढू लागले. रोज पहाटे उठून लिहायचं आणि मुलांना वाचायला ठेवायचं. पुढे १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे छापील मासिक काढलं. साने गुरुजींच्या पुस्तकांबद्दल बोलताना हे दैनिक मागे पडतं, पण त्यांची लेखणी घडली ती तिथे. समोर रोज तेच वाचक, त्यांची नावं ठाऊक, त्यांचे चेहरे ठाऊक, कालचा मजकूर रंगला की नाही ते आज लगेच कळणार. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली, आणि ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. त्या पाच दिवसांमागे अंमळनेरच्या कित्येक पहाटा उभ्या आहेत. त्या पुस्तकात रात्री गोष्ट सांगणारा श्याम आणि भोवती बसलेले ऐकणारे आहेत. ती मांडणीही वसतिगृहातली आहे.

त्याच दशकात क्रमिक पुस्तकही बदललं. आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने मुलांच्या घरातले, गल्लीतले विषय धड्यांत आणले. ‘दिनूचे बिल’ ही गोष्ट त्यातलीच. आईकडून आपल्या कामाचे पैसे मागणारा दिनू ज्यांनी शाळेत वाचला ते म्हातारपणीही तो विसरले नाहीत. ना. धों. ताम्हनकरांनी ‘गोट्या’ लिहिला, आणि मुलींची आठवण ठेवून ‘चिंगी’ही. हा दुसरा भाग सांगायलाच हवा, कारण मराठी मुलांच्या पुस्तकांत साहस, खोड्या आणि मोकळं हिंडणं यांचा वाटा मुलग्यांकडे भरपूर आणि मुलींकडे तुटपुंजा गेला आहे. तंगडं मोडून घेणारी, झाडावर चढणारी, उलट प्रश्न विचारणारी मुलगी पुस्तकात शोधायला मराठी मुलींना फार वणवण करावी लागली.

तेरा-चौदा वर्षांच्या वाचकाची वाट आणखी निराळी होती. मुलांचं मासिक त्याला लहान वाटू लागलेलं आणि मोठ्यांची कादंबरी अजून जड. अशा वेळी त्याने आपला लेखक आपणच शोधला. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतले झुंजार आणि काळा पहाड गल्लोगल्लीच्या वाचनालयांतून भाड्याने मिळत आणि अभ्यासाच्या पुस्तकाच्या आड वाचले जात. अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली. शिक्षकांनी आणि समीक्षकांनी त्यांना दाराबाहेर ठेवलं, पण एका बैठकीत पुस्तक संपवून लगेच दुसऱ्याच्या शोधात निघणारा वाचक त्यांनी घडवला, हे त्यांचं ऋण नाकारता येत नाही.

या वयाच्या वाचकाला आपलं म्हणणारे लेखक म्हणजे भा. रा. भागवत. जन्म इंदूरचा, १९१०चा. १९५१ साली त्यांनी ‘बालमित्र’ नावाचं मासिक काढलं. ज्युल व्हर्न त्यांनी मराठीत आणला तो नुसता भाषांतरून नव्हे, मराठी पोराच्या तोंडी शोभेल अशा बोलीत. आणि त्यांचा बनेश फेणे! पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, हडकुळा, वाऱ्यासारखा पळणारा, सायकलवर स्वार झालेला आणि तोंडाने ‘ट्टॉक’ असा आवाज काढणारा फास्टर फेणे. फुरसुंगी हे खरं गाव आहे, पुण्याच्या पोरांना सायकलने गाठता येईल इतकं जवळ. साहस घडायला लंडन लागत नाही, हडपसरच्या पलीकडेही ते घडतं, ही गोष्ट भागवतांनी मुलांना पटवून दिली. त्यांचा दुसरा नायक बिपिन बुकलवार. हा पुस्तकातला किडा, आणि वाचलेलं सगळं त्याला ऐन प्रसंगी उपयोगी पडतं. पुस्तकवेड्या मुलालाच नायक करून भागवतांनी वाचणाऱ्या पोरांचा केवढा मान राखला! फेणेची मालिका पुढे दूरदर्शनवर आली, २०१७ साली चित्रपट आला, आणि त्या निमित्ताने पुस्तकं पुन्हा नव्या मुलांच्या हातात गेली.

मराठी घरांत सर्वांत लाडकं झालेलं मासिक मात्र मद्रासहून येत होतं. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ साली तेलुगू व तमिळमध्ये सुरू केलेल्या ‘चंदामामा’ची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ १९५२ साली निघाली. पहिलं मराठी बालपुस्तक ज्या मुलखात छापलं गेलं, तिथूनच दीडशे वर्षांनी हा चांदोबा यावा, हा योग विलक्षण आहे. त्यातल्या राजवाड्यांचे खांब आणि बायकांचे दागिने दाक्षिणात्य असत. सांगलीच्या किंवा अकोल्याच्या मुलांना त्याची काही अडचण वाटली नाही. शंकर या चित्रकाराने काढलेला, खांद्यावर वेताळ शिरलेलं प्रेत टाकून स्मशानातून निघालेला विक्रम ज्याने पाहिला, त्याच्या मनातला विक्रम कायमचा तसाच राहिला. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स आले आणि जंगलातला, मुखवट्यामागचा दुसरा एक वेताळ मराठी बोलू लागला.

याच सुमारास नवी पुस्तकं सापडण्याची आणखी एक जागा मुलांना मिळाली: तालुक्याच्या गावी भरणारं पुस्तक प्रदर्शन. तिथे मॉस्कोहून आलेली मराठी पुस्तकं असत. जाड कागद, रंगीत चित्रं, शिवणीची पक्की बांधणी आणि किंमत इतकी थोडी, की खाऊच्या पैशांत पुस्तक यावं. ‘प्रगती’ आणि ‘रादुगा’ या सोव्हिएत प्रकाशनांची ही पुस्तकं लोकवाङ्मय गृहामार्फत महाराष्ट्रभर पोचत. अनिल हवालदारांसारखे अनुवादक त्यांमागे होते. बर्फ कधीही न पाहिलेल्या मुलांनी देनिसच्या खोड्या वाचल्या, आणि ती गायदारच्या चुक-गेक या भावांबरोबर आगगाडीने सैबेरियात जाऊन आली. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला आणि हा झरा एकाएकी आटला. त्या पुस्तकांवर वाढलेल्या वाचकांनी मोठेपणी ती शोधून जमवली, जपली, आणि ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ हा माहितीपटही केला. बालपणी वाचलेल्या पुस्तकांसाठी कुणी एवढं करतं, यावरून त्या पुस्तकांनी काय दिलं होतं ते कळतं.

महाराष्ट्र सरकारनेही एक काम मनापासून चांगलं केलं. पाठ्यपुस्तक मंडळ म्हणजे बालभारती १९६७ साली स्थापन झाली आणि १९७१च्या नोव्हेंबरात तिने ‘किशोर’ सुरू केलं. वसंत शिरवाडकर पहिले संपादक. सरकारी मासिक म्हटल्यावर जी भीती वाटते ती ‘किशोर’ने खोटी ठरवली. मराठीतले पहिल्या रांगेतले कवी, कथाकार आणि चित्रकार त्यात आले, आणि किंमत सामान्य घराला परवडेल इतकी राहिली. मंडळाचं जाळं राज्यभर असल्यामुळे हा अंक अशा गावांतल्या शाळांत गेला जिथे पुस्तकाचं दुकानच नव्हतं. ‘किशोर’चे जुने अंक आता बालभारतीने संगणकावर मोफत उपलब्ध करून दिले आहेत. पन्नास वर्षांपूर्वीचा दिवाळी अंक आज गडहिंग्लजची मुलगी वाचू शकते आणि न्यू जर्सीतलं मराठी घरही.

विंदा करंदीकरांसारखा कवी मुलांसाठी ‘राणीची बाग’ आणि ‘एटू लोकांचा देश’ लिहीत होता ते याच भरभराटीच्या काळात, ‘किशोर’च्या थोडं आधी. विंदांनी मुलांच्या कवितेतून उपदेश जवळजवळ हद्दपार केला आणि विक्षिप्तपणाला मानाचं पान दिलं. बापू छत्र्यांपासून चालत आलेलं तात्पर्याचं ओझं मराठी मुलांच्या डोक्यावरून उतरायला एकशे तीस वर्षं लागली.

मासिकांचे दिवस पुढे ओसरले. ‘चांदोबा’ बंद पडला, इतरांचे अंक रोडावले. दुकानं शहरांत वाढली, पण दुकानाने मासिकाची जागा घेतली नाही, हे स्पष्ट म्हणायला हवं. तालुक्याच्या गावात पुस्तकाचं दुकान म्हणजे आजही मुख्यतः वह्या, गाइडं आणि अपेक्षित प्रश्नसंच. चांगली मराठी पुस्तकं निघत नाहीत असं मात्र नाही. ज्योत्स्ना प्रकाशनाने मराठीत चित्रपुस्तक रुजवलं. माधुरी पुरंदऱ्यांनी स्वतः लिहून, स्वतः चित्रं काढून राधा आणि यश या छोट्यांचं रोजचं जग असं उभं केलं, की वाचता न येणारं मूलही चित्रांतून गोष्ट लावतं. त्यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे खंड तर याच विषयाचे आहेत: मराठी साहित्यातले निवडक उतारे, सोबत भारतीय चित्रकलेतली आणि हस्तकलेतली चित्रं, म्हणजे उतारा आवडला की मूल मूळ पुस्तक मागणार. महाबळेश्वरच्या वाटेवरच्या भिलारमध्ये २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे आणि तिथे बालसाहित्याचं स्वतंत्र घर आहे. स्ट्रॉबेरी खायला आलेली मुलं तिथे मांडी घालून वाचत बसतात.

काही ठिकाणी पुस्तकच मुलाकडे चालत जातं. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात ‘क्वेस्ट’ ही संस्था शिक्षणाचं काम करते. अभिनेत्री गीतांजली कुलकर्णी यांच्या पुढाकाराने तिथे ‘गोष्टरंग’ उभा राहिला. तरुण नट मुलांची पुस्तकं निवडतात, ती बसवतात आणि आश्रमशाळांत, जिल्हा परिषदेच्या शाळांत जाऊन त्यांचे प्रयोग करतात. सामान थोडं, रंगमंच म्हणजे शाळेची ओसरी किंवा वर्ग. प्रयोगाबरोबर मुलांशी गोष्टीभोवतीचे खेळ होतात, गप्पा होतात. या मुलांच्या पुष्कळ घरांत पाठ्यपुस्तकाखेरीज छापील पुस्तक नसतं. तिथल्या मुलाची नव्या पुस्तकाशी पहिली गाठ पडते ती कुणी ते पुस्तक त्याच्यासमोर उड्या मारत, गात, आवाज काढत सांगितल्यावर, आणि मग ते त्याला स्वतः उघडून पाहायचं असतं.